खुशामत न करणारा स्पीकर

मराठी भाषेनं काही परक्या माणसांवर मोठा अन्याय केला आहे. रे डॉल्बी हे त्यांतले एक. या अमेरिकी अभियंत्यानं १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली, ती आवाज वाढवण्यासाठी नव्हे, तर नको असलेला आवाज घालवण्यासाठी. टेपवर गाणं मुद्रित करताना मागं जी बारीक सुरसुर उरते, ती दाबून टाकण्याची युक्ती त्यांनी शोधली. कॅसेटच्या जमान्यात चांगल्या डेकवर त्यांचं नाव बारीक अक्षरात असे आणि ते बटण दाबलं की गाण्यामागचा पाऊस थांबल्यासारखं वाटे. २०१३ मध्ये ते वारले. आपल्याकडे मात्र 'डॉल्बी' म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली काळ्या खोक्यांची भिंत. ती गल्लीतून निघाली की खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि म्हाताऱ्या माणसांना आतल्या खोलीत नेऊन बसवावं लागतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेली आहे. ती लिहिलेलीच आहे. शांततेसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचं नाव आपण गोंगाटाला दिलं!

हे आठवण्याचं कारण, गेले दोन-तीन महिने मी स्पीकर या विषयात बुडालो आहे. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसानं या वयात हे काय आरंभलं, असं घरच्यांनाही वाटतं. पण निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे लोक कर्जाचे कागद 'जरा पाहून द्या' म्हणून आणतात, आणि कागद पाहता पाहता माणूस त्या धंद्यात गुंतत जातो. मी असाच शेळीपालनात, ठिबक सिंचनात आणि एकदा तर मधमाश्यांतही गुंतलो होतो. यावेळी ध्वनिमुद्रण.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके, कापूस आणि सोयाबीन, एक रेल्वेमार्ग. मोठा कारखाना नाही, विमानतळ नाही. पण आवाजाच्या बाबतीत हा जिल्हा श्रीमंत आहे. गावोगाव भजनी मंडळं आहेत. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्यामुळे तिथं दत्तसंप्रदायाची पदं आणि आरत्या. मानोरा तालुक्यात पोहरादेवी, देशभरच्या बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. त्या परिसरातल्या तांड्यांवर होळीच्या दिवसांत डफावर लेंगी म्हटली जाते. पोहरादेवीला बंजारा संस्कृतीचं संग्रहालय उभं राहिलं, त्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं आणि त्या इमारतीचा आकारच नंगाऱ्याचा आहे. भीमजयंतीला भीमगीतांचे सामने रात्र जागवतात. आणि घरोघरी जात्यावरच्या ओव्या. म्हणजे होत्या, असं आता म्हणावं लागतं. जातं गेलं. ओवी म्हणणाऱ्या बायका मात्र अजून आहेत, सत्तरीच्या, ऐंशीच्या. त्या किती दिवस आहेत याचा हिशेब कोणत्याही बँकेला मांडता येणार नाही.

याच जिल्ह्याची जुनी राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. तिथल्या वाकाटक शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः कवी होता आणि त्यानं 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं. ते आज उपलब्ध नाही. पुढच्या शास्त्रकारांनी उदाहरणादाखल घेतलेल्या ओळींमुळे ते होतं एवढं कळतं. राजाचं काव्य टिकलं नाही, तिथं तांड्यावरच्या म्हातारीची लेंगी कोण सांभाळणार?

तर एक तरुण माझ्याकडे आला. मूळचा मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरचा, शिक्षण वाशीमला, चार-दोन वर्षं पुण्यात एका स्टुडिओत पडेल ते काम केलेलं. वाशीमच्या जुन्या वस्तीत धाब्याच्या घरातली बारा बाय दहाची खोली त्यानं भाड्यानं घेतली आहे. मातीच्या हातभर जाडीच्या भिंती, लहानशी एकच खिडकी. तिथं त्याला रेकॉर्डिंगची खोली करायची आहे. मुद्रा योजनेतल्या 'किशोर' गटात, म्हणजे पन्नास हजार ते पाच लाख, कर्ज मागायचं म्हणून त्यानं दुकानदाराचं कोटेशन आणलं होतं. एकूण सव्वादोन लाखांचं. मी सवयीनं पेन्सिल घेतली आणि मोठा आकडा कुठं आहे ते पाहिलं. आठ इंची स्पीकरची जोडी, सोबत दहा इंची सबवूफर, मिळून एक लाख दहा हजार. रंगीत दिव्यांच्या पट्ट्या, नऊ हजार. भिंतीला चिकटवायचे पातळ फोमचे चौकोन, चौदा हजार. आणि माइक एक, सहा हजारांचा.

मी म्हणालो, ''अरे, ज्याच्यात म्हातारी गाणार तो सहा हजारांचा आणि तू ज्याच्यातून ऐकणार ते एक लाख दहा हजारांचं?''

''काकाजी, लहान डब्बे ठेवले त लोक हासतीन ना,'' तो म्हणाला. ''अन् बँकवाले मोठी वस्तू दिसली का लवकर पैसे देतेत.''

दुसऱ्या वाक्यात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. पहिल्या वाक्यासाठी मात्र मला अभ्यास करावा लागला.

स्टुडिओत जो स्पीकर असतो त्याला मॉनिटर म्हणतात. त्याचं काम आपल्या दिवाणखान्यातल्या स्पीकरच्या नेमकं उलट. घरचा स्पीकर गाणं गोड करून ऐकवतो. थोडा बेस चढवतो, वरचे स्वर चकचकीत करतो. पाहुण्यांपुढं घरातल्या पोराचं कौतुक करावं तसं. मॉनिटरनं कौतुक करायचं नाही. गायिकेनं श्वास घेतला तर तो ऐकू आला पाहिजे, तबल्याचा डग्गा फुगला तर फुगलेला दिसला पाहिजे, कुठं खुर्ची करकरली तर तेही लपता कामा नये. बँकेत वर्षातून एकदा इन्स्पेक्शनला अधिकारी येत. त्यांना चहा चांगला दिला तरी टाचणी हरवलेलं व्हाउचर ते काढायचेच. तो मॉनिटर. त्याचा राग येतो, पण त्याच्यामुळेच शाखा नीट चालते.

याचं जगातलं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे यामाहा कंपनीचा एन. एस. १० हा पांढऱ्या पडद्याचा लहान स्पीकर. १९७८ मध्ये तो घरगुती वापरासाठी निघाला आणि संगीताच्या शौकिनांनी त्याला नाकं मुरडली. खर्ज कमी, मधले स्वर बोचरे. पण ध्वनिमुद्रकांच्या लक्षात आलं की यावर जे गाणं बरं वाटतं ते कुठंही बरं वाटतं. ऐंशीच्या दशकात जगभरच्या स्टुडिओंत तो टेबलावर बसला. त्याचा वरचा आवाज इतका टोचायचा की लोक त्या छोट्या ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवून काम करत. कोणता कागद, किती पदरी, यावर सुद्धा वाद झाले! २००१ मध्ये कंपनीनं त्याचं उत्पादन थांबवलं, कारण त्या पांढऱ्या पडद्यासाठी लागणारा विशिष्ट लगदा मिळेना. पुढं २००८ मध्ये याच स्पीकरबद्दल यामाहाला तांत्रिक ग्रॅमी सन्मान मिळाला. बाजारात नापास झालेली वस्तू कारागिरांनी डोक्यावर घेतली ती तिच्या कडवटपणासाठी. आजची जी एच. एस. मालिका आपल्याकडे दुकानांत दिसते, तिचा पांढरा पडदा ही त्याचीच खूण.

आता आठ इंचाचा प्रश्न. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. स्वर जितका खालचा तितकी त्याची लाट लांब. साठ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ कंपनांचा स्वर घेतला तर त्याची एक लाट सुमारे एकोणीस फुटांची होते. खोली बारा बाय दहाची. ती लाट भिंतीवर आपटून परत येते, जाणारीला भेटते, आणि खोलीत कुठं आवाज दुप्पट होतो तर कुठं गायब. बारा फुटी लांबीत हा घोळ सत्तेचाळीस हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, दहा फुटी रुंदीत सत्तावन्नच्या. म्हणजे नेमका तिथं, जिथं आठ इंची वूफर आणि दहा इंची सबवूफर आपली ताकद दाखवतात. हौदात म्हैस उतरवल्यासारखं ते आहे. म्हैस उत्तम असेल, पण पाणी बाहेर सांडणार आणि तुम्हाला म्हैस धड दिसणारही नाही. खुर्ची एक फूट मागं सरकवली तर डग्गा गडगडतो, एक फूट पुढं घेतली तर तो मेल्यासारखा वाटतो. मग पोरगा कोणत्या खुर्चीवर विश्वास ठेवून बेस कमी-जास्त करणार?

तेव्हा एवढ्या खोलीला पाच इंची वूफर पुष्कळ झाला. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या खालीवर असतो, माणसाचा गळा त्याच्या वर. डफ, ढोलकी, पेटी, टाळ, सगळं पाच इंचांत व्यवस्थित मावतं. नंगाऱ्याचा अगदी तळाचा घुमार तेवढा अर्धवट राहील. तो चांगल्या हेडफोनवर तपासून घ्यावा.

इथं एक विषयांतर करतो, कारण ते मला फार आवडतं. आपल्या चामड्याच्या वाद्यांवर शाई का लावतात, आणि तिच्यामुळे तबल्याचा बोल नुसता 'धप्' न होता स्वरात का बोलतो, याचा शास्त्रीय उलगडा सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडला. हे रामन आधी सरकारी अर्थखात्यात हिशेबनीस अधिकारी होते आणि १९१० मध्ये काही काळ त्यांची नेमणूक आपल्या नागपूरला होती. दिवसा सरकारी जमाखर्च आणि नंतर वाद्यांची कंपनं. पुढं १९१७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. हिशेबाच्या माणसानं आवाजात लक्ष घालू नये असं म्हणणाऱ्यांना मी हल्ली हे नाव सांगतो.

असो. स्पीकरच्या खोक्यावर जे आकडे छापलेले असतात, ते वाचायला मात्र बँकेचीच नजर लागते. नव्वदच्या दशकात आपण सगळ्यांनी टू-इन-वनवर '१००० वॉट पी.एम.पी.ओ.' असं वाचून माना डोलावल्या आहेत. तो आकडा म्हणजे बुडीत कर्जावरचं व्याज उत्पन्नात दाखवण्यासारखा प्रकार होता. वॉटकडे फार पाहू नये. पाच इंची मॉनिटरमध्ये चाळीस-चाळीसचे दोन किंवा एकूण सत्तर वॉटचे ॲम्प्लिफायर असतात आणि चार फुटांवर बसणाऱ्याला ते जरुरीपेक्षा जास्तच होतात. पाहायचं ते हे, की स्पीकर कुठल्या स्वरापर्यंत खाली जातो आणि तिथं पोचेपर्यंत त्याचा आवाज किती पडतो. एकाच वस्तूचे दोन आकडे असतात. यामाहाच्याच पाच इंची एच. एस. ५ चं पाहा. माहितीपत्रकात तो ५४ हर्ट्झपर्यंत जातो असं ठळक दिसतं, पण ते दहा डेसिबलची घट धरून. तीन डेसिबलचीच घट धरली तर तो ७४ ला थांबतो. कंपनीनं दोन्ही आकडे प्रामाणिकपणे दिले आहेत. दुसऱ्या कंपन्या कधी नुसताच एक आकडा देतात आणि किती घट धरली ते सांगत नाहीत. व्याजदर सांगायचा, पण मासिक की वार्षिक ते सांगायचं नाही, तसलं ते. जिथं घट लिहिलेली नाही तिथं आकडा वाचूच नये.

दुसरं, हवेचं भोक कुठं आहे ते पाहावं. बहुतेक लहान मॉनिटरना खर्जासाठी एक छिद्र असतं; कुणाला मागं, कुणाला पुढं. जे. बी. एल. ३०५ आणि एच. एस. ५ यांना ते मागं आहे, के. आर. के. रॉकिट किंवा काली एल. पी. ६ यांना पुढं. मागं छिद्र असेल आणि स्पीकर भिंतीला टेकवला तर खर्ज तुंबतो. लहान खोलीत टेबल भिंतीला लागूनच असतं, म्हणून पुढच्या छिद्राची वस्तू थोडी सोयीची. अर्थात भिंत ही भिंतच. छिद्र कुठंही असो, तिच्याजवळ खर्ज फुगणार. म्हणून पाठीमागं खर्ज कमी करायची छोटी कळ असलेला स्पीकर घ्यावा. ही कळ रंगीत दिव्यांपेक्षा शतपटीनं उपयोगाची.

किमतींचं म्हणाल, तर तीन-चार इंची जोडी सध्या दहा ते पंधरा हजारांत मिळते. प्रिसोनसची ईरिस मालिका, मॅकीची सी. आर. मालिका ही तिथली परिचित नावं. घरात गाणं शिकणाऱ्या, शाळेच्या कार्यक्रमाची ध्वनिफीत करणाऱ्या मुलांना त्या बऱ्या. पाच इंची जोडी साधारण पंचवीस ते चाळीस हजारांत, जे. बी. एल., यामाहा, ॲडम टी. ५ व्ही., के. आर. के., सगळी त्या पट्ट्यात बसतात. यांतलं कुठलं चांगलं, याची चर्चा करणारे लोक चहाच्या टपरीवरच्या राजकीय पंडितांसारखे असतात. माझं मत विचाराल तर त्यांच्यातला फरक तुमच्या भिंतींमुळे पडणाऱ्या फरकाच्या निम्माही नसतो.

म्हणून भिंती. आणि इथं वऱ्हाडी माणसाला शहरातल्या स्टुडिओवाल्यांपुढं मान खाली घालायचं काही कारण नाही. भिंतीवरून उलटून येणारा आवाज शोषायला तंतुमय आणि जाड काहीतरी लागतं. शहरात त्यासाठी दगडी लोकर किंवा काचेची लोकर विकत आणतात. आपल्याकडे कापूस पिकतो! त्या चौदा हजारांच्या पातळ फोमनं नुसते वरचे, टाळ्यांसारखे स्वर मरतात आणि खर्ज आहे तसा राहतो. खोली मग घोंगडं पांघरून बोलणाऱ्या माणसासारखी वाटते. अंड्यांचे ट्रे लावायची एक टूम निघाली होती, ती तर निव्वळ करमणूक. त्याऐवजी जुन्या गाद्यांचा कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा आणि सहा इंच जाडीच्या लाकडी चौकटीत सैलसर भरून वर सुती कापड ताणावं. अशा चौकटी डाव्या-उजव्या भिंतीला चार बोटं अंतर सोडून टांगाव्यात. नेमक्या कुठं? आपण खुर्चीवर बसायचं आणि दुसऱ्यानं भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात स्पीकर दिसला की तिथं चौकट. दाढीच्या आरशानं होणारं हे काम आहे. खोलीच्या कोपऱ्यांत खर्ज साचतो, तिथं छतापर्यंत जाडजूड गठ्ठे उभे करावेत. फूट-दीड फूट जाडी असली तर उत्तम.

कापसाला दोन शत्रू, आग आणि उंदीर. स्विचबोर्ड, एक्स्टेन्शन आणि ॲम्प्लिफायर यांच्यापासून कापूस दूर ठेवावा, त्या खोलीत उदबत्तीसुद्धा लावू नये. उंदरांचं आपण आपल्या परीनं पाहावं. जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाला लागलेली आग ज्यानं पाहिली आहे त्याला हे सांगावं लागत नाही.

मग स्पीकर मांडायचे कसे? दोन स्पीकर आणि आपलं डोकं, तिन्हींत सारखं अंतर, साडेतीन-चार फूट. ट्वीटर कानाच्या उंचीवर. डावी भिंत आणि उजवी भिंत सारख्या अंतरावर. बारा फुटी लांबीकडे तोंड करून बसायचं, पण खोलीच्या बरोबर मध्यावर डोकं येऊ द्यायचं नाही, तिथं खर्ज हरवतो. टेबलावर स्पीकर ठेवला तर टेबलच वाजायला लागतं. म्हणून दोन्ही बाजूंना विटांचे खांब रचावेत, वर फरशीचा तुकडा आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे. दुकानातले स्टँड यापेक्षा दिसायला चांगले असतात, एवढंच.

विजेबद्दल मात्र काटकसर नको. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की खेड्यांकडचं व्होल्टेज काय होतं ते आपण जाणतो. इन्व्हर्टर स्वस्तातला असेल तर त्याची चौकोनी लाट स्पीकरमधून भुंग्यासारखी गुणगुणते; शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा. अर्थिंग खरं हवं. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या पिनेमागं काहीच नसतं. स्पीकर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर घ्यावेत आणि मधली केबल 'बॅलन्स्ड' असावी, म्हणजे वाटेतली गुणगुण ती स्वतःच छाटून टाकते. हा खर्च कोटेशनमध्ये नव्हताच.

शेवटी ऐकायचं कसं, हेही शिकावं लागतं. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो भरून येतो. म्हणूनच मोठ्यानं लावलेलं कुठलंही गाणं छान वाटतं. आणि डॉल्बीच्या भिंतीपुढं नाचणाऱ्याला भिकार गाणंही उत्तम वाटतं ते याच कारणानं. काम करणाऱ्यानं दोन माणसं न ओरडता बोलू शकतील एवढ्याच आवाजात ऐकावं, आणि रोज तेवढ्याच. मग तेच गाणं मोबाइलवर, ऑटोत, शेजारच्या टी.व्ही.वर लावून पाहावं. 'सैराट'च्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजपर्यंत गेले, आणि २०१६ चा तो उन्हाळा आपण तीच गाणी काळी-पिवळीच्या फाटक्या स्पीकरवर ऐकली. दोन्हीकडे ती टिकली. मॉनिटरचं काम ते हेच.

एवढं सगळं झाल्यावर आम्ही दोघांनी कोटेशन नव्यानं मांडलं. पाच इंची जोडी, तीस हजारांच्या आसपास. सबवूफर, दिवे आणि फोम रद्द. कापूस, चौकटी, सुतार, अठरा हजार. एकाऐवजी दोन चांगले माइक आणि दोन माइकचं साउंड कार्ड, चाळीस हजार. बंद हेडफोन दोन. इन्व्हर्टर, अर्थिंग, केबल. बाहेर गावी नेता येईल असा लहान रेकॉर्डर. कॉम्प्युटर धरून पावणेदोन लाखांच्या आत. बँकेला उत्पन्न दाखवायला लग्नाची गाणी, भजनी मंडळांच्या ध्वनिफिती, निवडणुकीच्या प्रचारगाड्यांच्या घोषणा आहेतच. यूट्यूबवर बंजारा गाण्यांना प्रेक्षक आहेत. हप्ता निघेल.

पण हप्त्याच्या हिशेबात न बसणारं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि म्हणूनच मी एवढा आटापिटा केला. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांच्या मदतीनं जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या पुष्कळ मुद्रितही झाल्या, आणि आज त्या कुणालाही ऐकता येतात. ते काम दोन माणसांनी मनावर घेतलं म्हणून झालं. आपल्याकडच्या वऱ्हाडी ओव्या, तांड्यावरच्या लेंगी, गौळणी, मरणाच्या घरी बायका हेल काढून म्हणतात ती रडगाणी, हे सगळं आज मोबाइलवर मुद्रित होतं आहे, नाही असं नाही. पण मोबाइल म्हातारीचा आवाज चेपून, सपाट करून ठेवतो आणि पाठीमागचा कुत्रा, कुकर आणि मोटारसायकल तिच्याइतक्याच मोठ्यानं ठेवतो. दोनदा ऐकलं की पोरं पुसून टाकतात. जागा नसते. जो आवाज ऐकावासा वाटतो तोच लोक जपून ठेवतात. म्हणून तो नीट घेतलेला असावा, आणि नीट घेतला आहे की नाही हे सांगणारं एक कठोर खोकं जवळ असावं.

कर्जाचा अर्ज गेला आहे. मंजुरीला आणखी काही आठवडे लागतील असा माझा अंदाज आहे. तोवर पोरानं कापूस पिंजून आणून चौकटी भरायला घेतल्या आहेत आणि शेजारी विचारतात, रेकॉर्डिंगची खोली का गादीचं दुकान? पहिलं गाणं कुणाचं घ्यायचं ते ठरलेलं आहे. त्याच्या आईची आई तांड्यावर असते. तिला जुन्या लेंगी जितक्या येतात तितक्या आता त्या भागात दुसऱ्या कुणाला येत नाहीत असं तो सांगतो. ती वाशीमला यायला तयार आहे, पण खोलीत पंखा चालू पाहिजे ही तिची अट आहे. ''उन्हाळ्याच्या तोंडी बंद खोलीत कोन गाते?'' असं तिनं विचारलं. पंखा चालू ठेवला तर त्याची घरघर चांगल्या माइकमध्ये हमखास येणार. पहाटे पाचला, गारव्यात, पंख्याशिवाय गायची कल्पना आम्ही पुढं केली आहे. तिचा होकार अजून आलेला नाही.